हेफ्टीबाईंचे चाळीस फ्रँक

मी, मेल्खिओर रीनर, वय एकोणऐंशी, आयुष्यभर धुराडी साफ करणारा आणि शेवटची वीस वर्षे घरोघरच्या हीटिंग बॉयलरचा तपासनीस, राहणार हिंटरब्रुग, ग्लारुस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने शाईने लिहीत आहे. आमच्या कायद्याला टंकलेले चालत नाही, आणि मलाही नाही. डोके ठिकाणावर आहे. खोकला आहे, पण तो काजळीचा आहे, अकलेशी त्याचा संबंध नाही. मला कोणी दारू पाजलेली नाही आणि कोणी माझ्यापुढे रडलेले नाही. याआधीची माझी दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले पत्नी साबीना हयात असतानाचे होते, दुसरे रागाच्या भरात लिहिले होते.

कलम १. मला पुरावे, जाळू नये. जन्मभर धूर मोजला, जाताना त्यात भर घालायची नाही. पाद्रीबाबांनी भाषण आटोपशीर ठेवावे.

कलम २. माझे ब्रश, दोर, लोखंडी गोळा आणि घडीची शिडी मुलगी डोरोथेआ हिला द्यावी. ती गाई सांभाळते आणि गोठ्याचे धुराडे स्वतः साफ करते. मुलगा कास्पार झुरिकला असतो आणि शिडीच्या चौथ्या पायरीवर त्याला अजूनही घेरी येते. सोनेरी बटणांचा काळा कोट गावाच्या नव्या धुराडेवाल्या पोरीला द्यावा. रस्त्यात लोक शुभशकुन म्हणून बटणाला हात लावतात, त्यांना लावू द्यावा. त्यात आपले काही जात नाही.

कलम ३. पत्त्यांचे दोन्ही कॅट आणि गुण मांडायची पाटी-खडू जोस्ट श्ट्राइफ याला. जोस्ट तेलाचा टँकर चालवायचा, घरोघर हीटिंगचे तेल पोचवायचा, आणि चाळीस वर्षे दर गुरुवारी माझा पत्त्यांतला भिडू होता. तेलावर कार्बन कर बसला तेव्हा त्याने माझ्याशी तीन महिने बोलणे टाकले होते, कारण मी त्या कराच्या बाजूचा. तो म्हणायचा, "सरकार गिळतं रे सगळं! एक रापेन तरी परत आला का कुणाला?"

मी म्हटले, "घरी जा आणि आरोग्य विम्याचं पत्र घेऊन ये."

आणले. हप्त्याच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, वजा इतके फ्रँक. कराचे जे जमते त्यातला मोठा भाग माणशी सारखा वाटतात, आणि तो असा विम्याच्या हप्त्यातून वळता होतो. जोस्टने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हेच ते पैसे? अरे, मला वाटलं विमा कंपनीनं सूट दिली. मी तर नाताळात त्यांच्या ऑफिसातल्या पोरीला चॉकलेटचा डबा नेऊन दिला होता!"

त्या डब्यावरून मी त्याला फार छळले. पण चूक त्याची एकट्याची नव्हती. पत्र न वाचता फाइलला लावायचे, ही आमच्या सगळ्या खोऱ्याची सवय. माझे मत मी इथे नोंदवून ठेवतो, मेलेल्या माणसाचे मत कोणी खोडत नाही म्हणून: कर घेताना तेलाच्या बिलावर ठळक छापता, तर देताना वेगळे पत्र पाठवा, त्यावर लिहा की हे कशाचे पैसे आहेत. जे मिळाले ते कळलेच नाही, तर माणूस फक्त जे गेले तेच मोजतो.

कलम ४. बँकेतली शिल्लक तिन्ही नातवंडांना सारखी. हुशार कोण, लाडका कोण, भेटायला कोण आला हे बघू नये. सारखे वाटण्याला जे भाबडेपणा म्हणतात त्यांनी माझ्याबरोबर घरे तपासायला यायला हवे होते. वरच्या वळणावरच्या बंगल्यात पोहण्याचा हौद तापवायला वर्षाला जेवढे तेल जाई, तेवढ्यात खालच्या आळीतली सहा घरे हिवाळा काढत. हौदवाल्याने कर जास्त भरला, परत मिळाले तेवढेच, जेवढे एका खोलीत शेगडी लावून बसणाऱ्या म्हातारीला. यात मला आजवर खोट सापडलेली नाही. पैसे डोरोथेआने पाकिटात घालून हातात द्यावेत, आणि वर लिहावे: आजोबांकडून.

कलम ५. आता घर. तळमजला माझा, वरचा मजला गेली चौतीस वर्षे श्रीमती युफेमिया हेफ्टी यांच्याकडे भाड्याने. त्या कापड छापण्याच्या गिरणीत होत्या, गिरणी बंद पडली तेव्हा इथे आल्या. वय चौऱ्याऐंशी. कायद्याने मुलांचा जो वाटा ठरला आहे तो कोणी हिरावू शकत नाही, म्हणून घर कास्पार आणि डोरोथेआ यांना निम्मे निम्मे.

नाताळात कास्पार जेवताना म्हणाला, "बाबा, वरचा मजला मोकळा झाला की सुट्टीवाल्यांना देऊ. आठवड्याच्या भाड्यात महिन्याचं निघेल."

"मोकळा कसा होईल?" डोरोथेआने विचारले.

"होईल की कधीतरी. नाहीतर नोटीस आहेच."

वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आमच्या घरात दोन मजल्यांमधल्या फळ्या पातळ आहेत आणि कास्पारचा आवाज मोठा.

कलम ६. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

कार्बन कराचा सगळा पैसा माणशी वाटत नाहीत. सुमारे तिसरा हिस्सा घरांसाठी राखतात: भिंती जाड करा, तेलाचा बॉयलर काढा, अनुदान घ्या. २०१७ साली मी तेलाचा बॉयलर काढून लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारा बसवला, छताला आणि उत्तरेच्या भिंतीला आवरण घातले. अनुदान आले. बाकीच्या खर्चापोटी भाडे वाढवायला कायद्याची परवानगी असते. अनुदानाची रक्कम आधी वजा करायची असते. मी ती केली नाही. मला नियम ठाऊक होता, गावातल्या दहा घरमालकांना मीच तो समजावला होता. हेफ्टीबाईंचे भाडे मी महिना एकशेदहा फ्रँकने वाढवले, त्यातले चाळीस माझ्या हक्काचे नव्हते. त्यांनी काही विचारले नाही. म्हणाल्या, "तुम्ही तपासनीस. तुम्ही म्हणता म्हणजे बरोबरच असेल."

त्याआधी नऊ वर्षे त्यांच्या हीटिंगच्या बिलातून तेलाचा कर जात होता. म्हणजे माझ्या बॉयलरला त्यांनी एकदा करातून पैसे दिले आणि पुन्हा भाड्यातून.

मागच्या नोव्हेंबरच्या गावसभेत विषय होता, गावाच्या निधीतून घरमालकांना जादा अनुदान द्यावे का. जाणकार म्हणून मी बोललो आणि द्यावे म्हणालो. तेव्हा मागच्या बाकावरून हेफ्टीबाई उठल्या. बायकांना मताचा हक्क नव्हता तो काळ त्यांनी बघितलेला, पण सभेत बोलल्या त्या पहिल्यांदाच.

"मला एवढंच विचारायचंय," त्या म्हणाल्या, "कर आम्ही सगळ्यांनी भरला. भिंत मात्र ज्याची होती त्याचीच जाड झाली. भाडेकऱ्याचा हिस्सा कुठल्या भिंतीत आहे?"

त्यांना माझ्या चाळीस फ्रँकची कल्पना नव्हती, पण मला घाम फुटला. मी उठून म्हणालो, "हेफ्टीबाई, ज्याला भिंतच नाही, त्यानं भिंतीवर बोलू नये."

लोक हसले. जोस्ट तर मांडीवर थाप मारून हसला. हात वर झाले, ठराव मंजूर. त्या खाली बसल्या आणि पिशवीत काहीतरी शोधत राहिल्या. तेव्हापासून भाडे एक तारखेला लिफाफ्यात दाराखालून येते. शनिवारी त्या हिरवे चीज घातलेली मॅकरोनी आणि सफरचंदाची चटणी आणून देत, ते बंद झाले. मला लाज वाटते. याहून वेगळ्या शब्दांत ते लिहिता येत नाही.

म्हणून: माझ्या मृत्यूनंतर हेफ्टीबाईंना वरच्या मजल्यावर तहहयात राहण्याचा हक्क असावा, भाडे चाळीस फ्रँकने कमी व्हावे, आणि आठ वर्षांचे जादा घेतलेले ३,८४० फ्रँक त्यांना परत मिळावेत.




कलम ७. कलम ६ मधला शेवटचा परिच्छेद मी रेघ मारून रद्द करत आहे. कारण खाली लिहितो.

काल संत फ्रिडोलिनचा दिवस. पोरांनी रिवाजाप्रमाणे टेकडीवर होळी पेटवली होती. त्यावर अजून कोणी कर बसवलेला नाही. मी हेफ्टीबाईंना खाली बोलावले, कॉफी दिली आणि कलम ६ पहिल्यापासून वाचून दाखवले. त्यांनी कप हातात धरून सगळे ऐकून घेतले.

"झालं वाचून?"

"झालं."

"म्हणजे हे सगळं तुम्ही गेल्यावर."

"हो. मृत्युपत्र आहे ना."

"अहो रीनर, मी चौऱ्याऐंशीची आणि तुम्ही एकोणऐंशीचे. मी आधी गेले तर? हे तर वरातीमागून घोडं झालं!"

मी सगळा हिशेब माझ्या मरणावर लावला होता, त्यांचे मरण माझ्या ध्यानातच नव्हते.

"तुम्ही जोस्टला सांगत असता ना," त्या म्हणाल्या, "सरकारनं घेतलेलं वेळेवर, दिसेल असं परत करावं म्हणून? मग तुमच्या हाताला काय झालंय? मेल्यावर दिलंत तर लोक म्हणतील, रीनर उदार होता. मला तुमचा उदारपणा नकोय. माझे आहेत ते द्या."

"चुकलो मी," मी म्हणालो. "त्या सभेतल्या बोलण्याबद्दलही."

"ते इथे नाही म्हणायचं. इथे कुणी हसलं नव्हतं."

आज सकाळी मी बँकेत गेलो. ३,८४० फ्रँक मोजून पाकिटात घातले, वर लिहिले: २०१७ पासून जादा घेतलेले भाडे, अनुदान वजा न केल्यामुळे. जिना चढून हातात दिले. त्यांनी माझ्यासमोर मोजले, मला आत बोलावले नाही. चाळीस फ्रँक कमी केल्याचे पत्रही दिले. तहहयात राहण्याच्या हक्काची नोंद जमिनीच्या दप्तरात करायला दोघांनी मंगळवारची वेळ घेतली आहे. कास्पारला फोन केला. तो बराच वेळ बोलला. मी ऐकले, आणि काहीही बदलले नाही.

कलम ८. जूनच्या गावसभेत मी उभा राहून भिंतीचे ते वाक्य मागे घेणार आहे, आणि भाडेकऱ्यांना हिस्सा मिळाल्याशिवाय मालकाला गावाचे अनुदान देऊ नये असा ठराव मांडणार आहे. तोवर मी नसलो तर जोस्ट श्ट्राइफने कलम ६ आणि ७ सभेत मोठ्याने वाचावे, एकही ओळ गाळू नये.

आमच्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत, मला हवे आहेत. जोस्टला पत्ते मिळतात म्हणून त्याला साक्षीदार केलेले नाही, तो फुगला आहे. हेफ्टीबाईंना या मृत्युपत्रातून आता काहीही मिळत नाही, म्हणून त्यांना विनंती केली.

हिंटरब्रुग, ७ मार्च २०२५

(सही) मेल्खिओर रीनर

साक्षीदार:

१. रेगुला त्स्वायफेल, टपाल आणि किराणा. माझ्यासमोर सही केली.

२. युफेमिया हेफ्टी, वरचा मजला. सगळे वाचले. पैसे मिळाले. माफी सभेत मागायची राहिली आहे, तोपर्यंत यांनी खोकल्याचे औषध वेळेवर घ्यावे.