दोन नळ्यांचे निकाल

मॅडम, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मागच्या महिन्यात नांदेडची आपली लॅब नव्या इमारतीत हलवली आणि तुमचं लोखंडी कपाट रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं. म्हणून लिहिते आहे.

तुम्ही मला घडवलंत, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. नोकरीच्या पहिल्याच वर्षी आपण जळकोटकडच्या माझ्या गावात थॅलेसेमियाच्या संशोधनासाठी रक्त गोळा करायला गेलो. समाजमंदिराच्या ओट्यावर बसून तुम्ही बायकांना समजावताय, की आईबाप धडधाकट दिसतात, पण दोघांच्याही रक्तात दोष दडलेला असला तर लेकराला जन्मभर दुसऱ्याचं रक्त चढवायची पाळी येऊ शकते. एक म्हातारी विचारते, "बाई, रगत न्हेता, मंग आमाला कायी कळणार हाय का न्हाई?" तुम्ही तिचा हात धरून म्हणता, "निकाल मी स्वतः घेऊन येईन, मावशी." त्या दिवशी एका नळीवर नंबर टाकायचा मी विसरले, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एसटीनं परत गावाला पाठवलंत. "ती नुसती नळी नाही, कुणाचं तरी लेकरू आहे," एवढंच बोललात. पुढं हेच वाक्य मी माझ्या हाताखालच्या पोरींना ऐकवत राहिले.

ताईचं रक्त मीच काढलं होतं, मामाच्या मुलाचंही. आमच्याकडे फक्त नंबर, नावांची यादी तुमच्या कुलपात. सहा महिन्यांनी त्या दोघांचं लग्न ठरलं तेव्हा मी तुमच्या टेबलाशी येऊन उभी राहिले. तुम्ही डबा खात होतात. "मॅडम, ताईचे नि मामाच्या मुलाचे रिपोर्ट आले का?" पोळीचा तुकडा मोडत, वर न बघता तुम्ही म्हणालात, "अजून यायचेत. तू कशाला काळजी करतेस? होऊ दे लग्न." लग्नाला आलात, ताईला हिरवी इरकल नेसवलीत. नंतर म्हणालात की यंत्र बिघडलं, नमुने वाया गेले, आणि गावात दारोदार जाऊन तसं मीच सांगितलं. पुढं ताईच्या लेकीला थॅलेसेमिया निघाला तेव्हा माझ्या पाठीवरून हात फिरवत तुम्ही म्हणालात, "नशीब गं."

कपाटात ती फाइल निघाली. दोघांचे निकाल, दोघांतही दोष. तारीख मी तुम्हाला विचारलं त्याच्या तीन आठवडे आधीची. कडेला तुमचं अक्षर: लेख छापून येईपर्यंत कुटुंबांना कळवू नये. मी ती ओळ उभ्यानं वाचली, मग फरशीवर बसून परत वाचली. साडी निवडताना तुम्हाला हे माहीत होतं. पाठीवर हात ठेवतानाही.

भाची आता चौदा वर्षांची आहे. ताई तिला दर तीन आठवड्यांनी निलंग्याहून लातूरला रक्त चढवायला आणते. परवा मीही गेले, फाइल पिशवीत घेऊन. भाची म्हणाली, "मावशी, सुई डाव्या हाताला लावायला सांग, उजव्यानं मला लिहायचंय." रक्त सुरू झालं तशी ताई माझ्याशेजारी येऊन बसली.

"मॅडमचं कपाट आवरलं म्हणं तू. आमच्या रिपोर्टांचं कायी घावलं का?"

"न्हाई," मी म्हणाले.

"लई जीव होता त्यांचा आपल्यावर. कळलं असतं तर त्यांनी आधीच सांगितलं असतं."

मी "हाव" म्हणाले, मॅडम.