गाडीच्या पलीकडचा हात

तेरखेडा
वसुबारसेचा आदला दिवस, दुपार

प्रिय दादा,

आधी तुझ्यावर चिडून घेते, मग बाकीचं लिहिते. गणपतीनंतर तुझा एक फोन नाही. मी लावला की तीच बाई तेच सांगते, संपर्कक्षेत्राच्या बाहेर. ठेकेदाराच्या ऑफिसातला माणूसही आता माझा आवाज ओळखतो. म्हणतो, वर बोगद्याकडं रेंज नाही, सगळे डंपरवाले मजेत आहेत, काळजी करू नका. आईला तर काळजी ठाऊकच नाही. म्हणते, "त्येचं ल्हानपनापासनं असंच हाय, पोट भरलं की घर इसरतंय." म्हणून शेवटी कागद घेतला. जाताना तू साइटचा पत्ता कॅलेंडरच्या मागं लिहून गेलास, तो कामाला आला. पत्र मिळालं की डोंगरावरून खाली उतरणाऱ्या कुणाच्याही हाती दोन ओळी दे. अक्षर तुझं पाहिजे, एवढीच अट.

घरचं सांगते. सोयाबीनची काल मळणी झाली. दाणा बरा आहे, पण आभाळ येतंय म्हणून पोत्यांवर ताडपत्री टाकून ठेवलीय. दिवाळी तोंडावर आल्यामुळं शिवारातल्या फटाक्यांच्या कारखान्यांतून दुपारभर ठो ठो चालू असतं. आपल्या म्हशीला आता त्याचं काही वाटत नाही, पण मी मात्र कालपासून प्रत्येक आवाजाला दचकते. का, ते पुढं सांगते. अण्णा गेल्यापासूनची ही पहिली दिवाळी, फराळ करायचा नाही असं ठरलंय. आई मात्र परवा हळूच मला म्हणाली, थोड्या करंज्या करू, किस्नाला आवडतात, आला बिला तर. म्हणजे तिलाही वाट आहेच, तोंडानं कबूल करत नाही इतकंच.

आणि ऐक, मी अण्णांची बुलेट चालवते. हसून झालं की पुढं वाच. स्कूटी झेपत नाही म्हणून तू मला चिडवायचास ना? आता वाशीच्या शाळेत रोज बुलेटवरून जाते. एसटीच्या भरवशावर राहिलं तर पहिला तास रोज बुडतो. पहिले काही दिवस फाट्यावरची माणसं चहा हातात धरून बघत बसायची. शांतलिंग काका तर आईला म्हणाले, "वहिनी, पोरगी धोंडीबाचं नाव काढती बगा." आता कुणी मान वळवत नाही. चालवणं सोपं आहे रे. अवघड आहे ते तिला उभं करणं.

तुला अण्णांचा नियम माहीत आहे. दिवस मावळला की गाडी डबल स्टँडवर. साइड स्टँडवर कलती ठेवलेली गाडी म्हणजे माणूस अजून बाहेर जायचाय. तशी गाडी तिन्हीसांजेला दारात दिसली की आई अजूनही अस्वस्थ होते, तिला दिवाही लावू वाटत नाही. अण्णांच्या तेराव्यानंतर निघताना तू गाडी शेडात डबल स्टँडवर लावून गेलास, ती दसऱ्यापर्यंत तशीच होती. खंडेनवमीला आई म्हणाली, सण नसला तरी गाडीला पाणी नि हळदकुंकू लागलंच पाहिजे. म्हणून मी ती बाहेर काढली, धुतली, झेंडूची माळ घातली. सगळं झालं आणि मग लक्षात आलं, आता ही परत चढवायची कुणी?

गल्लीतल्या कुणाला हाक मारायला मला लाज वाटली. हँडल धरलं, मागची कडी धरली आणि पोतं उचलावं तशी गाडी उचलायला गेले. ती जागची हललीसुद्धा नाही, माझी कंबर मात्र धरली. आई ओट्यावरून बघत होती. तिनं आयुष्यात गाडीला हात लावला नसेल, पण अण्णांना रोज बघून तिला सगळं पाठ आहे. म्हणाली, "हातानं उचलू नगंस, मरशील. न्यूटल कर. चाक सरळ कर. गाडी नीट उभी धर, मग उजव्या पायानं स्टँड दाब. दोन्ही पाय फरशीला टेकल्यालं कळलं पायजे तुला. मग सगळं वजन त्या पायावर दे, उभी ऱ्हा त्येच्यावर. गाडी आपसूक मागं सरकून चढती." मी तसं केलं. पण स्टँडचा एकच पाय टेकला, दुसरा अधांतरी, आणि गाडी माझ्यापासून पलीकडं कलंडली. एवढं धूड पलीकडं गेलं की अलीकडून धरून काही होत नाही, तुलाही ठाऊक आहे. मी डोळे मिटले.

गाडी पडली नाही. पलीकडून कुणीतरी धरली. धरली म्हणजे अगदी धरली, दादा. ती अर्ध्यात थांबली, हळूच सरळ झाली, स्टँडचे दोन्ही पाय टेकल्याचं माझ्या तळव्याला कळलं आणि मी वजन दिलं तशी ती खट्ट करून चढली. पलीकडं कुणी नव्हतं. शेडाची भिंत आणि सरपण, बस्स. आईनं पाहिलं होतं. ती डोळ्याला पदर लावून आत गेली.

त्यानंतर रोज हेच. मी स्टँडवर पाय ठेवला की पलीकडून कुणीतरी येतं. पाऊल वाजत नाही, फक्त गाडीचं वजन कमी होतं. आपण हंडा उचलताना दुसऱ्यानं काठ धरला की कसं कळतं, तसं. पहिल्या दोन दिवसांत मला ताप भरला. आईनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि मग स्वतःच म्हणाली, "भितीस कशाला? बापच हाय की. पोरीला गाडी झेपना म्हनून येतोय." मी शाळेत विज्ञान शिकवते, पण तिचं ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी मान डोलावली. खरं सांगू? मग मी संध्याकाळची वाट बघायला लागले. शाळा सुटली की कधी एकदा घरी येते आणि गाडी चढवते असं व्हायचं. मनातल्या मनात अण्णांना दिवसभराचं सांगायचे. आई पलीकडच्या बाजूला सरपणावर चहाचा कप ठेवायला लागली. तो कुणी पीत नाही. नुसती साय धरते.

एक मात्र मला खटकत होतं. या दिवसांत शेडाचा पत्रा संध्याकाळीही तापलेला असतो, हात लावला तर चटका बसतो. पण गाडी चढवल्यावर मी पलीकडं जाऊन कडीला हात लावायचे, तर ती गार. साधी गार नाही, बोटं बधिर व्हावीत इतकी. आणि ओली. मी म्हणायचे, अण्णा हात धुतल्याशिवाय गाडीला शिवत नसत, म्हणून ओली असेल. माणसाला जे हवं असतं त्याला कारणं लगेच सापडतात.

आता हे पत्र का लिहितेय ते सांगते. काल मळणीचा भुसा उडून सगळी गाडी धुळीनं माखली होती. संध्याकाळी चढवली, नेहमीसारखी हलकी गेली. मग फडकं घेऊन पलीकडं गेले, तर सीटवर धुळीत हात उमटलेला. डावा हात. चार बोटं पूर्ण आणि मधलं अर्धंच. अण्णांची पाचही बोटं धड होती, दादा. कडबा कुट्टीच्या यंत्रात मधलं बोट गेलं ते तुझं. तिथंच खाली बसले आणि तेव्हा आठवलं की अण्णा कधी पलीकडं उभेच राहिले नाहीत. ते माझ्या जागी असायचे, पाय द्यायला. पलीकडून गाडी धरून ठेवायचं काम तुझं होतं, हाफ चड्डीत होतास तेव्हापासून. मी फडक्यानं तो हात पुसला आणि आईला काही सांगितलं नाही. सकाळी ठेकेदाराच्या ऑफिसात पुन्हा फोन केला. तो माणूस आज "मजेत आहेत" असं म्हणाला नाही. साहेबांना विचारून कळवतो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. शांतलिंग काकांना घेऊन उद्या मी तिकडं यायला निघतेय. पण त्याआधी आजची संध्याकाळ आहे, लिहिता लिहिता तीही झाली. गाडी दारात साइड स्टँडवर कलती उभी आहे, आईनं दोनदा हाक मारली. आता उठते. रोज ती चढावी म्हणून देवाचं नाव घ्यायचे, आज उलटं मागून जातेय. आज ती जड लागू दे. माझ्या हातून हलूच नये, कंबर मोडू दे, पलीकडं जाऊन आपटू दे, सगळ्या गल्लीसमोर माझं हसं होऊ दे. दादा, आज तू तिथंच राहा. इकडं येऊ नकोस.

तुझीच, जड गाडीची वाट बघणारी,
सृष्टी