मी न ऐकलेला संथ तुकडा

लाडक्या मारिट,

काल तुझा फोन आला आणि तू काही बोलायच्या आतच मी म्हणालो, "तुझा तो संथ तुकडा ऐकताना डोळ्यांत पाणी आलं गं." तू हळूच विचारलंस, "खरंच, आजोबा?" मी म्हणालो, "अगदी खरं."

पोरी, कॉलेजातून थेट दाखवत होते तो तुझा चेलोवादनाचा कार्यक्रम मी लावला होता. टायसुद्धा घालून बसलो होतो. पण पहिली रचना संपली आणि खुर्चीतच माझा डोळा लागला. मांडीवर तू धाडलेला कार्यक्रमाचा कागद होता, त्यात रचनांची नावं बघून फोनवर कौतुक केलं.

आज चर्चमध्ये कॉफी ओतताना शेजारची व्हर्ना म्हणाली, "त्या संथ तुकड्यात पोर मध्येच थांबली, चेलो उचलून आत गेली. माझाच जीव तुटला, तुझं काय झालं असेल रे ऑर्विन." मी नुसती मान हलवली. एका खोट्याला दुसऱ्याचं ठिगळ लावलं.

चेलो चालू ठेवायचा की नुसतं जीवशास्त्र शिकायचं, हे तुला शुक्रवारी कॉलेजात सांगायचंय. तेच विचारायला फोन केला होतास ना? आणि मी तुझ्या तोंडावर दार लावलं.

टपालाने हे पत्र शुक्रवारनंतर पोचेल. म्हणून ते इथेच ठेवतो आणि ट्रक काढून तुझ्याकडेच येतो. व्हर्नाने दालचिनीचे रोल दिलेत. तुझ्या मेसमध्ये बसून खाऊ. आधी मी झोपल्याचं सांगेन, मग तू बोल. या खेपेला जागा राहीन.

तुझा लबाड म्हातारा,
ऑर्विन आजोबा