तीन स्वच्छ महिने

१ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी रडते आणि तू ओरडतेस, म्हणून आपलं पत्रच बरं. तू म्हणालीस, दोनदा दिवस राहिले नि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही, आता वर्षभर शरीराला आणि डोक्याला सुट्टी दे. डोक्याला सुट्टी कशी देऊ, ताई? दिवसभर पाळणाघरात दुसऱ्यांची पोरं माझ्या कडेवर असतात. नाकं मी पुसायची, आणि संध्याकाळी दार वाजलं की ती आपापल्या आयांकडे झेपावतात. मला आता ते बघवत नाही.

पण एक वाट सापडलीय. आमच्या व्यायामवर्गाच्या बाई म्हणतात की नुसत्या बाईने तयार होऊन भागत नाही. पुरुषाचं बीज तयार व्हायला तीन महिने लागतात, तेवढे महिने दोघांचीही शरीरं स्वच्छ हवीत. चहा-साखर बंद. पालेभाज्या, अक्रोड, कोवळं ऊन, लवकर झोप. थंडीसाठी आलं, लसूण, मध. गोळी-औषध कसलंच नाही, एक घेतली की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. आणि भट्टीची धग पुरुषाला सगळ्यात वाईट. म्हणून मी यांना बेकरीच्या मालकांकडे पाठवलं आणि भट्टीवरून पहाटेच्या पाववाटपावर बदलून घ्यायला लावलं. सायकलवरून जातात. कुरकुर केली नाही. एवढंच म्हणाले की इतकी वर्षं मी पावाला भाजलं, आता तो मला गारठवून सूड घेणार.

रागावू नकोस. लोभ तुझा असतोच, हे तीन महिने चमचाभर जास्त वाढ.

तुझी,
चिमणी


९ ऑक्टोबर

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. माझ्या टेबलावर गिऱ्हाइकांच्या तीन कवळ्या तयार होऊन पडल्यात, तिन्ही तुझं पत्र वाचून दात विचकतायत. अक्रोड खा, भाज्या खा, लवकर झोप, माझी ना नाही. तू चहा सोडलास हे वाचून मलाच तुझ्या वाटणीचा कप प्यावा लागला. भट्टीच्या धगीचंही अगदीच खोटं नसेल. पण डॉक्टरीणबाईंनी दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी? तीही बंद केलीस ना? लिहिलं नाहीस म्हणजे केलीसच, मी काय आजची ओळखते तुला? ती दिवस राहण्याआधीपासूनच घ्यायची असते. आजच्या आज सुरू कर.

आता पाववाल्या भाऊजींचं. लोक आगीतून फुफाट्यात पडतात, तू नवऱ्याला आगीतून थेट बर्फात टाकलंस. ज्या माणसाचा जन्म भट्टीपुढे गेला त्याला थंडीच्या तोंडावर पहाटे सायकलवर बसवायचं? निदान जाड स्वेटर आणि कानटोपी घालू दे. मेहुणीचा हुकूम आहे म्हणावं.

मावशी व्हायची मलाही घाई आहे गं. पण मला आधी तुम्ही दोघं धड हवी आहात.

तब्येतीला जप, आणि शिव्या दिल्या तरी माया पातळ झाली असं समजू नकोस.

तुझी,
ताई


२० डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गोळी सुरू केली असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं पचत नाही. नाही केली.

पाळणाघरात सगळी पोरं खोकतायत. ती सर्दी माझ्याबरोबर घरी आली. माझी गेली, यांना मात्र चिकटून बसली, त्यात पहाटेचा वारा. खोकला छातीत उतरलाय, ताप चढतो-उतरतो. मी हातावर हात ठेवून बसलेली नाही. आल्याचा रस मधातून देते, लसूण ठेचून देते, वाफ देते, छाती शेकते. घरात इतका लसणाचा वास आहे की शेजारीण दारातूनच बोलते. तिने कालही दवाखान्यात न्यायला सांगितलं.

पण ताई, तीन महिने संपायला आता थोडेच दिवस उरलेत. दवाखान्यात नेलं की औषध आलं, आणि औषध आलं की सगळं पाण्यात. रात्री त्यांची धाप ऐकू येते आणि मी मनातल्या मनात दिवसच मोजते. आज सकाळी न राहवून विचारलं, जाऊया का. म्हणाले, इतके दिवस काढले, आता काठाला येऊन बुडायचं नाही. मी लगेच आलं किसायला बसले. मला तेच ऐकायचं होतं.

वेडी म्हण, पण माझी म्हणत राहा.

तुझी,
चिमणी


२४ डिसेंबर

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

सकाळपासून फोन करतेय, तू उचलत नाहीस. त्यांना आत्ता दवाखान्यात ने. आलं-मध घशाला बरं वाटायला ठीक, छातीत उतरलेल्या तापाला नाही. शिर सलामत तर पगड्या पचास. महिने वर्षाला बारा येतात, माणूस एकदाच येतो. तुझ्या बाईंना काय कळतं ते मला माहीत नाही, पण धाप लागलेल्या माणसाला घरात ठेवा असं त्याही म्हणणार नाहीत.

भाऊजींना सांग, खोकून खोकून दात पडले तर कवळी फुकट मिळणार नाही. मेहुण्यांना दुप्पट दर आहे.

हे पत्र कुरिअरने पाठवतेय, उद्या मिळेल; रजा मिळाली की मीही निघतेय. मी पोचेपर्यंत माझ्यावरचा सगळा राग राखून ठेव, पण एवढं ऐक.

ताई


२८ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू समोरच्या बाकावर बसल्या बसल्या पेंगते आहेस आणि मी तुझ्याच पिशवीतल्या कागदावर तुला पत्र लिहितेय. तोंडाने सांगायला गेले तर दवाखान्याचा हा व्हरांडा डोक्यावर घेईन.

तुझं पत्र आलं तेव्हाही मी हटले नव्हते. तुझं रागावणं गिळलं आणि त्यांना बरं वाटावं म्हणून फक्त कवळीचं वाचून दाखवलं. तुझ्या विनोदांना ते नेहमी हसतात, फसलेल्यांनाही. या वेळी हसायला गेले आणि हसण्यापुरता श्वासच त्यांच्याकडे नव्हता. तोंड उघडं राहिलं, ओठ निळसर झाले. शेजारणीने बेकरीचा टेम्पो बोलावला, त्यातून आणलं. दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया आहे. डॉक्टरांनी मला विचारलं, इतके दिवस कशाची वाट बघत होतात.

आज सकाळी तू खाली गेली होतीस तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि मला खुणेने जवळ बोलावलं. वाटलं, पाणी हवंय. वाटलं, आता मला बोलतील, आणि बोलावंच असं वाटलं. त्यांनी हातातल्या सुईकडे बघितलं आणि म्हणाले, माफ कर, मला औषध घ्यावं लागलं, तुझे महिने फुकट गेले. बरा झालो की पुन्हा पहिल्यापासून मोजू.

ताई, ज्याला मी मरणाच्या दारात बसवलं तो माझी माफी मागत होता. मूल मला हवंय, अजूनही हवंय. पण मोजायचं काहीही नाही, मला फक्त हे हवेत, एवढंच त्यांना सांगायचं होतं, पण मी नुसती रडत राहिले. तेवढ्यात त्यांनी डोळे मिटले. डॉक्टर अजून धोका टळला म्हणत नाहीत.

तू जागी झालीस की हे वाच आणि लगेच आत जा. त्यांना तूच सांग. माझ्याच्याने होत नाही, आणि मला उशीर करायचा नाही.

माझ्यावर लोभ उरला नसला तरी चालेल, त्यांच्यावरचा कमी करू नकोस.

तुझी,
चिमणी