चौदा नंबरच्या काकू

सोम. १ सप्टें.
खोकी अजून अर्धी बंदच. तेवढ्यात बेल. चौदा नंबरच्या बाई, म्हणजे शेजारचंच दार. पँट, फ्लीस, कपाळावर बारीक टिकली, हातात मोदकांचा डबा. "काल तू मुलीला ओरडत होतीस ना मराठीत, भिंतीतून ऐकलं. इतकं बरं वाटलं!" लिमये काकू. नवरा इथे डॉक्टर होता, वारले. मुलगा ऑस्ट्रेलियात. पस्तीस वर्षं ह्या एवढ्याशा वेल्श गावात, आणि दुसरा मराठी माणूस नाही.

नाव विचारलं. सुजाता. "सुजाता काय?" म्हटलं, सुजाता प्रवीण. "गाव?" नागपूर. "नागपुरात कुठे?" झालं सुरू. सात समुद्र ओलांडले तरी आपली माणसं पत्ता विचारता विचारता कुठे पोचतात ते मला चांगलं माहीत आहे. म्हटलं, स्टेशनजवळ.

माझ्या पोरीने, मैत्रीने, तीन मोदक खाल्ले, मी एक. त्या गेल्यावर हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धमूर्ती बेडरूममध्ये नेली. हॉलमध्ये ऊन येतं, रंग उडतो म्हणून.
स्वतःच्या वहीत तरी खोटं लिहू नये. उन्हासाठी नाही नेली.

बुध. ३ सप्टें.
आठवड्याला तीन लाँग डे, बारा-बारा तासांच्या ड्युट्या. कार्डिफची ट्रेन ६.४०ची, घरी यायला रात्रीचे नऊ. शाळेचा ब्रेकफास्ट क्लब आठला उघडतो, त्यालाही वेटिंग लिस्ट. घरी मुलं सांभाळणाऱ्या चाइल्डमाइंडर दोन, दोघी जानेवारीपर्यंत फुल. नवऱ्याला, प्रवीणला, नागपूरची बँक मार्चशिवाय सोडत नाही. वॉर्ड मॅनेजर गोड हसून म्हणाली, सोमवारपर्यंत काय ते बघ. व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की मी आणि सहा वर्षांची पोरगी, परत सामान बांधा. हे सगळं निघायच्या आधी का नाही सुचलं, विचारू नका. सुचलं होतं. वाटलं, होईल काहीतरी.

शुक्र. ५ सप्टें.
झालं काहीतरी. काकू म्हणाल्या, "माझ्याकडे सोड. मी पाचला उठते, शाळेत मीच नेईन, मीच आणीन. मला तेवढीच सोबत."
हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पण ओळख ना पाळख, चार दिवसांत एवढी माया? माझ्या मनात आधी पुण्याची ती मालकीणबाई आली. खोली नक्की झाली होती, बाईंनी हातावर पेढा ठेवला. दुपारी आधारची झेरॉक्स दिली, संध्याकाळी फोन: सॉरी हं, भाचा येतोय राहायला. भाचा! पेढा तोवर पचलासुद्धा होता.
प्र.ला सांगितलं तर म्हणे, तू उगाच सगळीकडे वास घेत फिरतेस. घेते. आयुष्यभर घ्यावा लागला.

शनि. १३ सप्टें.
पहिला आठवडा पार. मैत्री खूश, "आजी, आजी" चाललंय. काकूंनी शुभं करोति शिकवलं. मी म्हटलं, म्हण. मग झोपताना त्रिशरण म्हणायला लावलं, तर पोरीने दोन्ही एका दमात म्हणून टाकलं.
मै.: "आजी विचारत होती, तुमचा देव कुठे ठेवलाय?"
मी: "मग? काय सांगितलं?"
"बेडरूममध्ये."
हसू की रडू कळेना. पण विचारलं का? सहज? सहज कोणी देव कुठे ठेवलाय विचारतं?

गुरु. १८ सप्टें.
आज ट्रेनिंगच होतं, लवकर सुटले. संध्याकाळी मैत्रीला आणायला गेले तर काकू दारापर्यंत पोचवायला आल्या. म्हटलं, चहा घेता? "नको गं, आत्ताच झाला." रविवारी पण आत्ताच झाला होता. त्याआधी मंगळवारीही. ह्या बाईचा चहा नेहमी आत्ताच कसा होतो?

मंगळ. २३ सप्टें.
ट्रेनिंगहून आले, दारात कार्ड: पार्सल १४ नंबरला दिलं आहे. आईने पाठवलेलं, मसाला-पापड. शाळेतून मैत्रीला घेऊन चार वाजता काकूंची बेल वाजवली. उघडलं नाही. आत रेडिओ चालू होता.

बुध. २४ सप्टें.
सुट्टी. दिवसभर घरी. खिडक्या पुसल्या, पुढच्यासुद्धा. कोणी आलं नाही.

गुरु. २५ सप्टें.
सकाळी सहाला मैत्रीला सोडलं तेव्हा काकूंनी खोकं दिलं. "काल आले होते गं, बेल वाजवली, तू नव्हतीस."
मी होते. अख्खा दिवस होते.

ट्रेनमध्ये बसल्यावर खोकं नीट बघितलं. पत्त्यावर आमचं आडनाव ठळक, गजभिये. आणि वर आईने मार्करने, वीतभर अक्षरात: जय भीम. पापडाच्या खोक्यावर!

दुपारच्या ब्रेकमध्ये आईला फोन. "आई, असं कशाला लिहिलंस?"
"काऊन? माझ्या पोरीले पाठवून राहिली मी, लिहू नको?"
"इथे शेजारी..."
"शेजाऱ्यायले काय होते? तू काऊन लपून राहिली? याच्यासाठी शिकवलं का तुले तुह्या बापानं?"
फोन ठेवला. तिचं बरोबर आहे, आणि तिला माझ्या ड्युटीच्या रोटाबद्दल काहीच माहीत नाही.

सोम. २९ सप्टें.
काकू आडनावाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. नेहमीसारख्याच आहेत. जरा जास्तच नेहमीसारख्या. मैत्रीला नवीन मोजे विणायला घेतलेत.

संध्याकाळी:
"आजी तुला जेवायला कुठलं ताट देते?"
"निळं."
"आणि स्वतः?"
"पांढऱ्यात."
"पहिल्यापासून निळं, की आता आता?"
"आई, त्याच्यावर डॉल्फिन आहे."
डॉल्फिन आहे ते ठीक. पण ते वेगळं ठेवलंय का धुऊन, हे सहा वर्षांच्या पोरीला कसं विचारायचं? लाज वाटली. तरी विचारलंच. तिला प्रश्न कळला नाही, हे बरं झालं.

रवि. ५ ऑक्टो.
पाटोडी रस्सा केला, बेसनाच्या वड्यांचा, आईचंच तिखट. स्टीलचा डबा भरून काकूंकडे. हा तिसरा डबा. आधी वांगं पाठवलं होतं, मग झुणका. दोन्ही वेळा डबा घासून-पुसून परत आला, आणि रिकामा नाही. एकदा साखर, एकदा बागेतली सफरचंदं. रीत पाळतात बाई. पण डबा भरून परत येतो यावरून आतलं पोटात गेलं हे कुठे सिद्ध होतं?

सोम. ६ ऑक्टो.
डबा आला. आत चार चकल्या. "छान झाली होती हं पाटोडी."
कशी छान? खोबरं जास्त झालं होतं, मीठ कमी. काहीच नाही म्हणाल्या. खाल्लेला माणूस काहीतरी म्हणतोच.

बुध. ८ ऑक्टो.
लिहायला हात वळत नाही, पण लिहिते.

आज फूड वेस्टचा दिवस. कौन्सिलची गाडी सातला येते, त्याआधी सगळे आपापली कॅडी, म्हणजे खरकट्याची झाकणाची बादली, फुटपाथवर ठेवतात. साडेसहाला माझी ठेवायला गेले. शेजारी चौदाची होती. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी, एमएस्सी नर्सिंग, दोन देशांची रजिस्टर्ड नर्स, खाली बसले आणि शेजारणीच्या खरकट्याचं झाकण उघडलं.
वरच होती. पिशवीतून दिसत होती. एक वडी तुटलेली, बाकी अख्ख्या, लाल तर्रीसकट.

उठले तर वरच्या खिडकीत काकू. पडदा धरून. मी कॅडी नीट ठेवली, झाकण लावलं, जसं काही मी कौन्सिलकडूनच आले आहे.

चार वाजता मेसेज: "उद्या-परवा मैत्रीला ठेवायला जमणार नाही. बरं नाही."

कशाने बरं नाही? आडनावाने, की मी कचरा उपसला म्हणून? आता कधीच कळणार नाही, आणि ही सोय मीच करून ठेवली. त्यांनी मला टाकलं असतं तर निदान राग तरी धड करता आला असता.

शुक्र. १० ऑक्टो.
काल सुट्टी मागितली, आज पुन्हा. मॅनेजर आज हसली नाही. सोमवारी आले नाही तर मीटिंग, एचआरसह.
चाइल्डमाइंडर दोघींना परत फोन केले. जानेवारी. प्र. म्हणाला, जा आणि माफी माग. कशाची? त्यांनी जेवण फेकलं त्याची की मी बघितलं त्याची?
भिंतीपलीकडे रेडिओ चालू आहे. खोकला वगैरे काही ऐकू येत नाही. कान लावून बसले होते.

शनि. ११ ऑक्टो.
दुपारी काकूच आल्या. मैत्री वर टीव्ही बघत होती.
उभ्यानेच: "माझ्या कॅडीत काय शोधत होतीस?"
म्हटलं, माझी पाटोडी.
"मिळाली?"
"मिळाली."
खाली बसल्या. म्हणाल्या, "अगं, एक घास खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी आलं. अल्सरच्या गोळ्या घेते मी. वांगं पण टाकलं, झुणका पण टाकला. सांगितलं असतं तर तू पाठवायचं बंद केलं असतंस. मला कोणी डबा पाठवून किती वर्षं झाली माहीत आहे का?"

पटण्यासारखं होतं. इतकं पटण्यासारखं की मला अजून संशय आला. मग म्हटलं, विचारायचं ते विचारून टाकू. "आणि पार्सल? तुम्ही बेल वाजवली म्हणालात. मी दिवसभर घरी होते."
काकू खाली बघून:
"नव्हते आले. आडनाव वाचलं. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं पण वाचलं. तू बेल वाजवलीस तेव्हा मी आतच होते. खोटं नाही बोलत, सुजाता. दोन दिवस लागले मला."
"कशाला लागले?"
"तेच सांगता येत नाही. सासूबाईंचं सोवळंओवळं, माहेरचं... पस्तीस वर्षं इथे राहते, कुणाकुणाच्या घरी जेवले, कुणाची जात विचारली नाही. आणि खोक्यावरचं तुझं नाव वाचून हात थांबला. माझा मलाच राग आला. दोन दिवस तो जाईना. मग गुरुवारी मैत्री आली, बूट काढले आणि सरळ जाऊन आपली खुर्ची ओढून बसली."
काय बोलणार? बरं झालं सांगितलंत? ठीक आहे, काही हरकत नाही? हरकत आहे.

मग त्याच म्हणाल्या, "आज चहा नाही का विचारणार?"
केला. कप संपवला त्यांनी, तळापर्यंत. आणि मी बसून बघत होते, ही बाई तहान लागली म्हणून पितेय की मला दाखवायला. माझ्या डोक्याचं काय करायचं, मला कळत नाही.
जाताना जिन्याकडे बघून मैत्रीला हाक मारणार होत्या, मारली नाही.

रवि. १२ ऑक्टो.
प्र. म्हणतो, "खरं बोलली ना? पुण्याच्या बाईने भाचा पैदा केला होता. हिने तोंडावर सांगितलं. आणखी काय पाहिजे तुला?"
आई म्हणते, "दोन दिवस काऊन लागले पण? आपण काय केलं होतं तिचं?"
दोघांचंही बरोबर आहे. दोघंही नागपुरात आहेत.

मैत्रीने बॅग भरून दारात ठेवली. "उद्या आजीकडे ना?" म्हटलं, बघू. "बघू म्हणजे हो की नाही?" म्हटलं, बघू म्हणजे बघू.

युनिफॉर्मला इस्त्री केली. दुसरी जागा नाही, तेच डाचतंय. जागा असती तर मी तिला परत त्या घरात पाठवली असती का? पाठवली असती तर माफ केलं म्हणता आलं असतं. आता पाठवली तर ती माफी की गरज, हे काकूंनाही कळणार नाही आणि मलाही नाही. त्या दोन दिवसांत पोरीकडे बघताना त्यांच्या मनात काय होतं, हे तर कधीच नाही. आणि एवढं असूनही मला त्या आवडतात. हे लिहिताना चिडचिड होते.

सहा वाजता काकूंचा मेसेज: "उद्या सहाला आणतेस ना?"
लगेच उघडला. त्यांना निळ्या खुणा दिसल्या असणार. आता सव्वासात. तिकडे फोन हातात घेऊन बसल्या असतील, मला किती वेळ लागतोय ते बघत.
बसू देत.