ड्रमातलं ताक

४ नोव्हेंबर
खतविक्रेत्यांच्या कोर्सचा पेपर पंधरवड्यावर आला. पास झालो तर कृषी केंद्राचा परवाना टिकेल. नाही तर हातगाडीवर भाजी विकून उभं केलेलं दुकान... असो. आम्ल, आम्लारी, द्राव्य, द्रावक. संध्याकाळी पाठ, सकाळी सपाट.
आमच्या मंडळी म्हणाल्या, "पोपटावानी घोकून कायले राह्यले? घरात बीएस्सी झालेली सून हाय, तिले विचारा."

५ नोव्हें.
विचारलं. स्वाती चहा-पाण्यापलीकडे माझ्याशी कधी बोलली नव्हती. आज सरबत ढवळत म्हणाली, "मामाजी, साखर दिसते का?"
"कशी दिसन? विरघळली."
"हेच द्रावण. साखर द्राव्य, पाणी द्रावक."
पाठ न करता पाठ झालं. सरबत दोन पेले.

११ नोव्हें.
किन्हीराजा गावचा दिगंबर भर दुकानात आला. टमाटं फुलावर, अन् ठिबकच्या नळ्या तुंबलेल्या.
"भाऊ, तुमचं खत भेसळीचं हाय. ड्रमात टाकलं तं ताक झालं."
"काय काय टाकलं?"
"बारा-एकसष्ट खत अन् कॅल्शियम. मोटरची लाईन कवा जाईन भरवसा नाही, मनलं दोन्ही संगंच सोडू."
मागे बाकावर कोणी कुजबुजलं, "आता याचं दुकान बसलं." ऐकू आलं. माझे कान तिखट आहेत.
घरी फोन. स्वाती म्हणाली, "दोन पेले घ्या. वेगवेगळं विरघळवा, मंग एकात वता."
दोन्ही पेले नितळ. एकात एक ओतलं, पांढरंफेक. थोड्या वेळाने गाळ खाली.
"याले अवक्षेप म्हणतात, दिगंबर. माल दोन्ही खरा. संगं टाकाले नाही पाहिजे. हाच गाळ नळ्यायत बसला."
दिगंबरने पेला उचलून उजेडात धरला. "मंग आता?"

१२ नोव्हें.
किन्हीराजाला, दिगंबरच्या शेतात. गाळ आम्लात विरघळतो. स्वातीने तीनदा बजावलं होतं: पाण्यात आम्ल टाका, आम्लात पाणी नाही. तसंच केलं, ठिबकमधून सोडलं. नळ्यांची टोकं उघडली, पांढरं पाणी निघालं. दुपारपर्यंत निम्म्या ओळी ठिबकू लागल्या. बाकीच्या...

१९ नोव्हें.
वाशिमला पेपर. प्रश्न आला: अवक्षेप म्हणजे काय? पुस्तकातलं वाक्य अर्ध्यावर निसटलं. मग दिगंबरचा ड्रम लिहिला, लाईनसकट. टमाटंही लिहिलं.
घरी येऊन सांगितलं. स्वाती हसली. "बरोबर हाय, मामाजी. फकत तपासनाऱ्याले शेती कळाली पाहिजे."

२० नोव्हें.
निकाल पुढच्या महिन्यात. दिगंबरचा फोन: "भाऊ, बाकीच्या सुटल्या, दोन ओळी अजून सुक्याच हायेत. आज सूनबाईलेच घेऊन या."
मंडळींनी तिला रुमाल दिला, उन्हासाठी. मला नाही.
गाडी काढतो.