पाटीवरची पाच बोटं

१२ सप्टेंबर १९५७, चिंचवड

तळेगावची जुनी मॉरिस आली. चालवत आणली म्हाताऱ्या गेनबा ड्रायव्हरनं. मागं शालनबाई — अर्जुनरावांच्या मंडळी. अर्जुनराव जाऊन चार वर्षं झाली. मुलीचं लग्न ठरलंय, तिची पाठवणी ह्याच गाडीतून, म्हणून नंबराची पाटी उजळून हवी. आकडे पुसट झालेत, कोपऱ्यात तांबडा गंज. "होती तशी करून द्या," एवढंच बोलल्या. होती तशी! अहो, होती त्याहून झकास देईन. उगीच नाही जुन्या गाड्यांच्या पाट्या माझ्याकडे येत.

१३ सप्टेंबर

सोडा लावून पत्र्यापर्यंत खरवडली. आमची रीतच ती — आधी उघडा पत्रा, मग अस्तर, मग काळा रंग, मग पांढरे आकडे. कोपऱ्यातला गंज जरा चिवट निघाला. गंज असा तेलकट नसतो. हात थांबला होता — पण परत चालवला.

१६ सप्टेंबर

आकडे झाले. सात असा उतरलाय की दृष्ट लागावी!

१८ सप्टेंबर

गेनबा पाटी न्यायला आला. कोपरा निरखत राहिला. म्हणाला, "बोटं कुठं गेली?"

कसली बोटं? मग सांगितलं त्यानं. शेवटच्या दसऱ्याला अर्जुनरावांनी तेलात कुंकू कालवून पाटीवर पाच बोटं उठवली होती. दिवाळी काही बघितली नाही त्यांनी. बोटं पुसू नयेत म्हणून गेनबानंच वर वार्निश मारलं. त्यानंतर त्या गाडीला कुंकू लागलं नाही. घरात दुसरा पुरुष नाही, नि बाई विधवा, त्यांनी कुंकवाला हात कसा लावायचा?

"मालकांची व्हती ती. आता न्हाईत," म्हणाला. चहा मागवला होता, तो तसाच ठेवून पाटी घेऊन गेला.

१९ सप्टेंबर

गंज नव्हता तो. एका शब्दानं विचारायला हवं होतं — बाई, ह्यातलं काही ठेवायचंय का? आजवर एकाही गिऱ्हाइकाला विचारलं नाही. जेवण गेलं नाही.

२५ सप्टेंबर

तळेगावला जाऊन आलो. शालनबाईंनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. पाटीवरून हात फिरवून "छान झालीय" म्हणाल्या. आणि मी काय बोलावं? लाल रंगानं बोटं काढून देतो म्हणालो! त्या उठून आत गेल्या. येताना वाटभर स्वतःला शिव्या घातल्या.

दसरा

ब्रश, खरवडणी, रंगाचे डबे पूजेला मांडले होते. मॉरिस दारात थांबली. शालनबाई उतरल्या. वाटलं, मलाच लावायला सांगतील — म्हणून ताटातली कुंकवाची वाटी उचलली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली. तेल ओतलं, स्वतःची बोटं बुडवली, पाटीच्या कोपऱ्यात उठवली. रस्त्यावर माणसं थबकली होती. गेनबानं टोपी काढली. बोटं लहान उमटली, अगदी जवळजवळ.

"आता ह्यावर वार्निश मारा," म्हणाल्या.

मारलं.